पस्तिसाच्या अलीकडचे

मार्चचा दुसरा आठवडा आला की आमच्या गल्लीचा आवाज बदलतो. एरवी ओरडत पळणारी मुलं जिन्यात, गच्चीवर, टाकीच्या सावलीत पुस्तकं घेऊन बसतात आणि दिवसभर पुटपुटत राहतात. लांबून ऐकलं तर घराघरांतून प्रार्थना चाललीय असं वाटावं. कडुलिंब मोहरलेला असतो. त्याचा कडवट-गोड वास दुपारच्या झळांबरोबर आत येतो आणि पडद्यांत अडकून राहतो. शहराबाहेर हंगामातली शेवटची गुऱ्हाळं पेटलेली असतात. वारं फिरलं की उकळत्या रसाचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत पोचतो. आणि आम्हा ख्रिस्ती घरांतून हाच उपवासकाळ असतो, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. परीक्षा, गूळ आणि उपवास ही माझ्या मनात एकाच ऋतूची तीन नावं होऊन बसली आहेत.

गेल्या रविवारी चर्च सुटल्यावर तरुणांचा वर्ग होता. वाद रंगात आला होता. कॉलेजात जाणारा एक मुलगा हिरिरीनं सांगत होता की माणसाचं तारण होतं ते निव्वळ देवाच्या कृपेनं. आपण कितीही चांगलं वागलो तरी स्वर्गाचं दार आपल्या हातानं उघडत नाही. समोर बसलेली नर्सिंगची विद्यार्थिनी ऐकून घ्यायला तयार नव्हती.

"मग मी रात्रंदिवस पेशंटचं करते त्याला काहीच अर्थ नाही का? नुसतं 'माझा विश्वास आहे' म्हणून खुर्चीत बसून राहिलं की झालं?"

दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा."

मी निवृत्त शिक्षिका. उत्तर देण्याची सवय जिभेला लागलेली. मी म्हणाले, कृपा हे मूळ आहे आणि सत्कृत्यं हे फळ. मूळ असेल तर फळ येतंच. मुलांनी वहीत लिहून घेतलं. उत्तर बरोबरच होतं. पण घरी येताना वाटेत मला जाणवलं, की हे मी पाठ म्हणून दाखवलं. पूर्ण गुण मिळावेत असं उत्तर, पण माझं नव्हे. माझं उत्तर, मुळात असलंच तर, पन्नासएक वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात पडून आहे. तिथं मूळ कुठलं आणि फळ कुठलं हे मला अजून सांगता येत नाही.

त्या वर्षी मी अकरावी मॅट्रिकला होते. सत्तरच्या दशकाची सुरुवात. माझे वडील, योसेफ मास्तर, हायस्कुलात गणित शिकवायचे. पहाटे साडेचारला उठणं, थंड पाण्यानं आंघोळ, पांढरंशुभ्र धोतर, वर काळा कोट, आणि सायकल. बावीस वर्षांत ते एकदाही शाळेत उशिरा पोचले नव्हते. कुणाचा उपकार घेणं त्यांना जमायचंच नाही. गावाकडचा एखादा पालक कौतुकानं उसाची मोळी दारात टाकून गेला, तर बाबा ती कॅरिअरला बांधून परत नेऊन द्यायचे. "आपलं आपण मिळवावं," असं ते म्हणत, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर गर्व नसायचा; वर्गात प्रमेय सांगताना असायची तशी खात्री असायची.

ते मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांच्या, पंचकमिटीचे प्रमुख होते. महिन्यातून एकदा उपदेशही करायचे. त्या जानेवारीत त्यांनी कृपेवर केलेला उपदेश मला शब्दन् शब्द आठवतो, कारण मागच्या बाकावरच्या आम्हा मॅट्रिकच्या पोरांना तो आपल्यासाठीच आहे असं वाटलं होतं.

"तुम्ही देवाच्या कृपेला ग्रेस मार्क समजता," बाबा म्हणाले होते. "ग्रेस मार्क कुणाला मिळतात? तेहेतीसवाल्याला. बत्तीसवाल्याला. जो स्वतःच्या पायांनी पस्तिसाच्या जवळ येऊन पोचलाय, त्याला बोर्ड शेवटचा हात देतं. कृपा तशी नाही. कृपा शून्यवाल्यासाठी आहे. देवासमोर आपण सगळे कोरा पेपर घेऊन उभे आहोत."

उजवीकडच्या उंच खिडकीतून मला बाहेरचा कडुलिंब दिसत होता आणि त्याच्या पारावर बसलेले पत्रसकाका.

पत्रसकाका पूर्वी चर्चची घंटा वाजवायचे. झाडलोट करायचे, दिव्यांच्या काचा पुसायचे, कुणी वारलं तर कबर खणायचे. बायको गेल्यापासून एकटे होते, आणि प्यायचे. लोक चालवून घेत होते. मग एका लग्नाच्या दिवशी ते पिऊन आले. लग्नाची घंटा भराभर, नाचरी वाजवायची असते. मयताची एकेक टोला देऊन, मध्ये थांबत. नवरी चर्चच्या पायऱ्या चढत होती आणि पत्रसकाकांनी मयताची घंटा वाजवली. एक टोला. शांतता. पुन्हा एक टोला. नवरीची आजी तिथंच रडायला लागली.

पंचकमिटी बसली. काम गेलं, आणि प्रभुभोजनही बंद झालं. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकर आणि द्राक्षरस सगळ्यांत फिरवला जातो, ते आमच्याकडे सर्वांत पवित्र. सलग सहा महिने दारूला शिवला नाही तर पत्रसला पुन्हा आत घ्यावं, असा ठराव झाला. तो लिहिला बाबांनी, त्यांच्या टपोऱ्या, एकाही खाडाखोडीवाचूनच्या अक्षरात. त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. पत्रसकाकांचे सहा महिने काही भरले नव्हते. ते गूळ बाजारात हमाली करायला लागले होते. पण दर रविवारी धुतलेला सदरा घालून यायचे, पारावर बसायचे, आतलं गाणं सुरू झालं की बाहेरून गायचे, आणि शेवटचं आमेन झालं की कुणाशी न बोलता उठून जायचे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, आठवीच्या वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता बाबांच्या हातातला खडू पडला. ते उचलायला वाकले आणि वर आलेच नाहीत. उजवी बाजू गेली. जीभही जड झाली. तीन आठवडे दवाखान्यात काढून त्यांना घरी आणलं तेव्हा आमच्या दोन खोल्यांत उपवासकाळ आधीच सुरू झाला होता, आणि माझ्या परीक्षेला पंधरा दिवस उरले होते.

बाबा उंचेपुरे होते. आई अंगानं बारकी आणि मी तिच्याहून बारकी. पहिल्याच सकाळी त्यांना आंघोळीला नेताना न्हाणीच्या उंबऱ्यात आम्ही तिघंही पडलो. कुणाला लागलं नाही. पण बाबा तिथं ओल्या फरशीवर पडून वर कौलांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी पदार्थविज्ञानाचं पुस्तक घेऊन अंगणात गेले आणि तासभर एकच पान धरून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला दारात पत्रसकाका उभे. खांद्यावर पोत्याचं तरट, दंडाला गुळाचा चिकट थर, त्यावर दोन मुंग्या. बाजारात जायच्या आधी आले होते.

"वयनी, पानी तापलंय न्हवं?"

आई काही बोलायच्या आतच ते पडवीतून आत आले. बाबांनी त्यांना पाहिलं आणि मान भिंतीकडे फिरवली.

"न...को," बाबा म्हणाले. त्या दोन अक्षरांनाही त्यांना केवढा वेळ लागला!

"मास्तर, मी तुमास्नी इचारायला आलो न्हाय," पत्रसकाका म्हणाले. "वयनींची पाठ मोडंल. मी रोज दीडमणी पोती उचलतोय की. तुमी काय लई जड न्हाईसा."

त्यांनी बाबांना उचललं. पोतं उचलतात तसंच, पण खाली ठेवताना मात्र वेगळं: आधी पाय, मग कंबर, मग डोकं, आणि डोक्याखाली आपला तळवा. न्हाणीच्या दाराआडून मला पाण्याचा आवाज येत होता आणि पत्रसकाकांचा, "डोळं मिटा. साबन जाईल." बाहेर आणल्यावर त्यांनी बाबांच्या डोक्याला तेल लावलं, भांग पाडला, सदऱ्याची गुंडी न गुंडी लावली. शेवटी सरळ उभं राहून एकवार पाहिलं. "बगा. शाळंत जायला तयार," असं म्हणाले. बाबांनी डोळे मिटून घेतले.

असं रोज सुरू झालं. घरात गुळाचा वास राहायला आला. बाबांच्या उशीला, टॉवेलला, बंबाशेजारच्या पाटाला. आई पत्रसकाकांना चहा द्यायची, कधी कालच्या भाकरीबरोबर पिठलं. ते उंबऱ्यावर बसून खायचे. बाबांना मात्र हे सोसत नव्हतं. हात गेला, त्याहून कुणाकडून काही घ्यावं लागतंय याचंच त्यांना जास्त लागत होतं, असं आता वाटतं. एक दिवस त्यांनी डाव्या हातानं खुंटीवरच्या काळ्या कोटाकडे बोट केलं आणि आईला खुणावलं: पत्रसला दे. त्यांचा तो एकच चांगला कोट होता.

पत्रसकाकांनी कोट हातात घेतला, झटकला आणि पुन्हा खुंटीला लावला.

"मी हमाल हाय मास्तर, व्हय," ते म्हणाले. "पर हितं हमालीला येत न्हाय."

मला तेव्हा फक्त बाबांचा अपमान झाला असं वाटलं होतं. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

गणिताचा पेपर सकाळी होता. एरवी असती तर बाबांनी मला दारात उभं करून सूचनांची यादी ऐकवली असती: प्रश्न दोनदा वाच, कच्चं काम उजवीकडे, शेवटची दहा मिनिटं तपासायला. त्या दिवशी त्यांनी नुसता डावा हात वर केला. मी खाली वाकले. तो हात माझ्या डोक्यावर कितीतरी वेळ राहिला. त्यांना बोलायचं होतं आणि शब्द येत नव्हते. मग नुसतंच, "जा. जा, एस्तू." मी रस्ताभर रडत गेले. पुढं बावन्न गुण पडले. गणिताच्या मास्तरांच्या मुलीला बावन्न! बाबांनी गुणपत्रिका डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "छान." तो शब्द त्यांनी मला आधी कधी दिला नव्हता, ब्याण्णव पडले होते तेव्हाही नाही.

परीक्षा संपता संपता पत्रसकाका एकाएकी यायचे बंद झाले. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. बाजारातून कळलं की पडून आहेत, पितायत. आई आणि मी ओल्या फडक्यानं बाबांचं अंग पुसून घ्यायचो. बाबा दाराकडे बघत असायचे. पावलं वाजली की मान उचलायचे. पहिल्या दिवशी नजरेत राग होता, तिसऱ्या दिवशी नव्हता.

चौथ्या दिवशी ते आले. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. आत आलेच नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले. वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे.

बाबांनी त्यांना जवळ बोलावलं. त्यांना आता थोडं थोडं बोलता येत होतं, एकेक शब्द तोलून टाकल्यासारखं. "पत्रस. सहा महिने... राहशील? मी... कमिटीला... सांगतो. वचन दे."



"न्हाय मास्तर. पंधरा दिस ऱ्हाईन. म्हैनाबी ऱ्हाईन. सा म्हैन्याचं मला ठावं न्हाय. आज तुमास्नी हो म्हनलो तर ते खोटं हुईल. देवाफुडं खोटं बोलून भाकर कशी खाऊ?"

"मग?"

"मग काय? तुमी आत खावा. मी भायेर हाय की. मला भायेरनं ऐकू येतंय सगळं."

आणि ते पाणी काढायला न्हाणीत गेले.

त्या दुपारी आई बाबांना मऊ भात भरवत होती. मी शेजारी तांदूळ निवडायला बसले होते. आई मंडळीच्या बाबतीत कधी बोलायची नाही. तो बाबांचा प्रांत. घास भरवता भरवता ती सहज म्हणावं तसं म्हणाली, "जानेवारीत तुम्ही म्हणाला होतात, कृपा कोऱ्या पेपराला असते. पत्रसला मात्र तुम्ही आधी पस्तीस मिळवून आण म्हणताय."

बाबांनी घास गिळला नाही. तो तोंडात तसाच राहिला. आईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि दुसरा घास कालवायला घेतला.

त्या वर्षी चैत्राची पुनव आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, एकाच आठवड्यात आले. जोतिबाच्या डोंगरावरून परतणाऱ्या गाड्यांनी शहर गुलाबी करून टाकलं होतं. ईस्टरच्या आदल्या सकाळी पत्रसकाका आले ते केसांपासून पायांपर्यंत गुलालात. यात्रेचे ट्रक बाजारातून गेले होते आणि कुणीतरी मूठभर उधळला होता. त्यांनी बाबांना कवेत घेतलं तेव्हा बाबांचा पांढरा सदराही गुलाबी झाला. आई म्हणाली, अहो, उद्या ईस्टर, हा आता धुवायचा कधी! बाबा हसले. अर्ध्याच तोंडानं, वाकडं, पण हसले. आजारानंतरचं ते पहिलं हसू.

ईस्टरच्या सकाळी बाबांनी चर्चला जायचा हट्ट धरला. चर्चच्या दहा पायऱ्या पत्रसकाकांनी त्यांना पाठुंगळीला घेऊन चढवल्या. पुढच्या, पंचांच्या बाकावर नीट बसवलं, धोतराचा सोगा सारखा केला, आणि पहिल्या गाण्याच्या आत बाहेर पडले. मी मान वळवून पाहिलं. ते आपल्या जागी जाऊन बसले होते.

चर्च गच्च भरलेलं. नारळाच्या झावळ्या गेल्या रविवारच्या सणापासून खांबांना तशाच बांधलेल्या, आता सुकून कुरकुरणाऱ्या. आमचे पाळक, म्हणजे पाद्री, तिशीतले होते, नुकतेच बदलून आलेले, मऊ बोलणारे. भाकरीचं ताट घेऊन ते सर्वांत आधी बाबांकडे आले, मानाने. बाबांनी मान हलवली. पाळकांना वाटलं, हात उचलत नसेल. त्यांनी तुकडा बाबांच्या ओठांशी नेला. बाबांनी ओठ घट्ट मिटले. आणि डावा हात उचलून उजवीकडच्या खिडकीकडे बोट केलं.

पाळक वाकले. मी दुसऱ्या बाकावर होते, मला स्पष्ट ऐकू आलं. "मास्तर, त्याचं प्रभुभोजन बंद आहे. ठराव तुमच्याच हातचा आहे."

"हो," बाबा म्हणाले. "माझ्याच." मग थांबून, श्वास घेऊन, "मला... बाहेर न्या."

"त्रास होतोय का?"

"नाही. बाहेर... न्या."

सगळ्या चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली. पेटी वाजवणारी थांबली. काय करावं ते पाळकांना कळेना, ते ताट हातात धरून तसेच उभे. तेव्हा आई उठली. मधल्या वाटेनं चालत दारापर्यंत गेली आणि तिनं पत्रसकाकांना हात केला. ते धावत आले, आणि उंबऱ्याशी येऊन अडखळले. भाकरीचं ताट समोर असताना दोन वर्षांत ते आत आले नव्हते. आई म्हणाली, "या. मास्तर बोलावतायत." ते अनवाणी आत आले, कुणाकडे न बघता. बाबांना त्यांनी पाठीवर घेतलं आणि बाहेर नेलं.

खिडकीतून मला दोघंही दिसत होते. पारावर शेजारी शेजारी. कडुलिंबाचा मोहर बाबांच्या खांद्यावर पडत होता, पत्रसकाका एकेक फूल उचलून टाकत होते. ताट माझ्यापर्यंत आलं. मी तुकडा घेतला आणि तो मला गिळता येईना. आई मात्र परत जागेवर येऊन बसली होती. तिनं भाकर घेतली, रस घेतला, डोळे मिटले. नंतर मी तिला चिडून विचारलं, तू कशी घेतलीस? ती म्हणाली, "मला लागते ती, एस्तू. तुझ्या बाबांना आज बाहेर बसायची गरज होती, मला आत."

लोकांनी खूप चर्चा केली. आजार मेंदूत गेलाय, असं काही म्हणाले. काहींनी म्हटलं, मास्तरांनी दारूची बाजू घेतली, आता उद्या कुणाला काय सांगणार? पंचकमिटीनं अतिशय आदरानं बाबांना विश्रांती घ्यायला सांगितलं आणि त्यांच्या जागी दुसऱ्याला नेमलं. बाबांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. पुढच्या रविवारी ते पुन्हा पारावर जाऊन बसले. त्याच्या पुढच्याही.

हे सगळं असं सांगितलं की वाटतं, गोष्ट छान वळणावर आली. पण पुढचंही सांगायला हवं. पत्रसकाकांची दारू सुटली नाही. बाबा त्यानंतर दोन वर्षं जगले, तेवढ्या काळात काका दर महिन्या-दीड महिन्याला गायब व्हायचे आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चौकटीला धरून उभे राहायचे. बाबांनी त्यांच्याकडे पुन्हा वचन मागितलं नाही. बाबांची कबर खणायला ते स्वतः होऊन गेले, आणि त्या दिवशी प्यायलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी प्यायले. त्यांच्यासाठी मंडळीनं ठराव कधीच बदलला नाही. मी पुढं शिक्षिका झाले, कितीतरी मुलांना पास-नापास केलं, आणि नियम नसावेत असं मला आजही म्हणवत नाही. लग्नाच्या दिवशी मयताची घंटा ऐकणाऱ्या त्या नवरीचं काय, हे कुणीतरी विचारायलाच हवं होतं. ते विचारणाऱ्यांत बाबा होते, आणि ते चूक नव्हते. बाहेर जाऊन बसले तेव्हाही ते चूक नव्हते. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात कशा राहतात, हे मला त्या तरुणांच्या वर्गात सांगता आलं नसतं.

त्या मे महिन्यातली एक सकाळ मात्र सांगता येईल.

वळवाचा पाऊस आदल्या संध्याकाळी पडून गेला होता. अंगणात भिजलेली माती आणि पडलेल्या कैऱ्या. पत्रसकाका बाबांची आंघोळ उरकून त्यांना नुकतंच खाटेवर टेकवत होते. पाळक आले. हातात पांढऱ्या रुमालात झाकलेलं छोटं ताट आणि द्राक्षरसाची एक बाटली. आजारी माणसाला घरी प्रभुभोजन देतात, त्यासाठी आले होते. पण त्यांचा चेहरा आठवडाभर न झोपलेल्यासारखा दिसत होता. पत्रसकाका लगेच न्हाणीकडे वळले, टॉवेल पिळायला.

"मास्तर," पाळक म्हणाले, "मी फार विचार केला. कृपेला अट नसते हे मीही शिकवतो. पण पश्चात्तापाचं काहीतरी फळ दिसल्याशिवाय मी दार उघडलं, तर उद्या मंडळी मला जाब विचारेल. काहीतरी फळ दिसायला नको का?"

डाव्या हातानं बाबांनी आपला उजवा हात उचलून मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा.

"हात गेला," ते म्हणाले. "जीभ गेली. शाळा गेली. मला... दुसरे धुतात. दुसरे... भरवतात. माझं... कुठलं फळ बघून... ताट आणलंत?"

बाहेर कौलांवरून राहिलेलं पाणी टपटपत होतं. मग पाळकांनी ताटावरचा रुमाल काढला, प्रार्थना केली, भाकर मोडली आणि तुकडा बाबांच्या डाव्या तळहातावर ठेवला. आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच बाबांनी भाकर घेतली. त्यातली निम्मी त्यांनी ओठांनी तोडून खाल्ली. निम्मी हातात धरून त्यांनी हाक मारली.

"पत्रस."

पत्रसकाका न्हाणीच्या दारात आले. बाबांचा पुढे आलेला हात त्यांनी पाहिला, आणि पाळकांना पाहिलं. ते एक पाऊल मागे सरले.

"मास्तर, मी काल पिलोया."

पाळकांनी मान वर केली. त्यांना थांबवायचं असतं तर तो क्षण होता. ते उठले आणि खिडकीशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

"खा," बाबा म्हणाले. जड जिभेतून, पण वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज. "खा म्हटलं ना."

पत्रसकाका खाटेशी आले. हात सदऱ्याला पुसायला लागले. बाबांनी तेवढाही वेळ दिला नाही. तुकडा त्यांच्या तळव्यावर ठेवूनच दिला. ते हात अजून बाबांच्या आंघोळीच्या पाण्यानं ओले होते. भाकर कडेनं भिजत चालली. पत्रसकाका तिच्याकडे बघत राहिले, आणि ती हातातच विरघळायला लागली तेव्हा त्यांनी ती पटकन तोंडात टाकली.